बॉयसीच्या उघड्या टेकड्यांवर झाडं लावावीत का?

ऋतुगंधा_बॉयसी

नमस्कार मंडळी,

आम्ही आयडाहोतल्या बॉयसीला राहतो. इथला मराठी गट लहान आहे. गणपती आणि दिवाळी, एवढेच मोठे कार्यक्रम. या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की आपण जिथे राहतो त्या जागेसाठीही काहीतरी करायचं. शहराला लागून फूटहिल्स म्हणतात त्या टेकड्या आहेत. जूनपासून त्या पिवळ्या आणि उघड्याबोडक्या दिसतात, उन्हाळ्यात कुठे ना कुठे वणवाही लागतो. त्यामुळे सगळ्यांच्या मनात वृक्षारोपणच आलं. एकाने पाइनच्या रोपांचा भावही काढून ठेवला आहे.

शेजारी एक आजी राहतात, इथल्याच, गुरांच्या रँचवर वाढलेल्या. हा बेत ऐकून त्या अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, "तिथे झाडं नका लावू. लावायचंच असेल तर राज्याच्या वन्यजीव खात्याबरोबर जा आणि सेजब्रश आणि बिटरब्रश लावा." मी हे गटात सांगितलं तर सगळे म्हणाले, झुडपं कशाला लावायची, ती आपोआप उगवतात की.

मला खरंच समजून घ्यायचं आहे. झाडं का नकोत? लाखो एकर जळतात तिथे आम्ही शंभर-दोनशे झुडपं लावून काय होणार? आणि माझ्या मुलांना (वय ८ आणि १२) सेज ग्राउझ हा पक्षी बघायचा आहे, शाळेत त्याच्यावर धडा झाला. तो कुठे आणि कसा बघायचा?

माणदेशी_ओवायही

ताई, झाडं लावू नका. आजी अगदी बरोबर बोलल्या. कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गटासारखे चांगल्या मनाचे लोक या भागात फार हवे आहेत आणि त्यांचे कष्ट योग्य जागी लागावेत असं मला मनापासून वाटतं.

मी मूळचा माण तालुक्यातला. राहुरीला शेती शिकलो, आणि आता आयडाहो-ओरेगनच्या सीमेवर जळलेली कुरणं पुन्हा उभी करण्याच्या कामावर आहे. माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, पण तुमच्या बॉयसीला वर्षाला जेमतेम ११-१२ इंच पाणी पडतं, म्हणजे माणपेक्षाही कमी. त्यातलं बहुतेक हिवाळ्यात आणि वसंतात. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. या पाण्यावर मोठं झाड फक्त ओढ्याकाठी जगतं, तिथे कॉटनवुड आणि विलो आहेतच. उतारावरची जमीन झुडपांची आणि झुपकेदार गवतांची आहे. ती उघडी वाटते, पण उघडी नाही. दोन झुडपांमधल्या मातीवरसुद्धा शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची काळपट, खरबरीत खपली असते. ती माती धरून ठेवते. एकदा तुडवली की सावरायला कित्येक दशकं जातात.

आता सेजब्रशबद्दल. एक पान तोडून बोटांत चुरडा. टोकाला तीन दाते असलेलं, राखाडी, मऊ लव असलेलं पान. वास ओळखीचा वाटेल, कारण ज्योतिबाला वाहतो तो दवणा याच आर्टिमिसिया कुळातला. हे झुडूप हिवाळ्यातही पानं टिकवून असतं. सगळीकडे बर्फ पडतं तेव्हा वर डोकावणारा हिरवा चारा एवढाच. सेज ग्राउझ हिवाळाभर जवळजवळ फक्त हीच पानं खातो. कोंबडीसारखी दाणे भरडणारी दणकट पेषणी त्याला नाही, कडक बिया त्याला पचत नाहीत, मऊ पानंच लागतात. आणि त्या कडाक्याच्या थंडीत, या कडू पानांवर, त्याचं वजन वाढतं! पिग्मी ससा म्हणून अर्ध्या किलोच्याही आतला ससा आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात लहान. तोही हिवाळ्यात याच झुडपावर जगतो आणि त्याच्याच बुडाशी बीळ खणतो. तुमच्या फूटहिल्समध्ये बर्फाच्या दिवसांत म्यूल हरणं आणि एल्क डोंगरावरून खाली उतरतात. त्यांना बिटरब्रश आणि सेजब्रशने तारलेलं असतं. तुम्ही ज्यांना "झुडपं" म्हणता ती या सगळ्यांची कोठारं आहेत.

झाडांचं म्हणाल तर या मोकळ्या माळावर झाड म्हणजे डोमकावळ्याची आणि शिकारी पक्ष्याची बसायची जागा. सेज ग्राउझ जमिनीवर अंडी घालतो, उंच काही दिसलं की तो जागा सोडतो. ओरेगनमधल्या एका अभ्यासात दिसलं की सूचिपर्णी झाडांचं छत्र ४ टक्क्यांच्या वर गेलं तिथे त्याची एकही नाचायची जागा (नर मादीसाठी जमून नाचतात ती) चालू राहिलेली नव्हती. शंभरातले ४ भाग सावली आली, की पक्षी गेला. म्हणून आयडाहोतल्या ओवायही काउंटीत आम्ही सेजब्रशमध्ये घुसलेली ज्युनिपर ही सूचिपर्णी झाडं कापतो. गावाकडे फोनवर सांगितलं की मी झाडं तोडायच्या कामावर आहे, तर आई दोन दिवस बोलली नव्हती. पण हे ज्युनिपर गेल्या दीडशे वर्षांत पसरलेले आहेत. आधी गुरांनी गवत संपवलं, मग माणसांनी छोटे वणवे विझवायला सुरुवात केली, आणि त्या दोन्हींमुळे रोपं वाढत गेली. खडकाळ कड्यांवर कित्येक शतकांचे जुने ज्युनिपर उभे आहेत, त्यांना हात लावायचा नसतो.

आणि "आपोआप उगवतात" हे. ताई, दुर्दैवाने नाही उगवत. जळाल्यावर बिटरब्रशला कधीकधी बुडातून धुमारे येतात, मोठ्या सेजब्रशला अजिबात येत नाहीत. तो जळाला की मेला. त्याचं बी धुळीएवढं बारीक, आईच्या पायाशीच पडतं, फार लांब जात नाही, आणि मातीत जास्त काळ टिकतही नाही. मोठ्या वणव्याच्या मधोमध त्यामुळे बी पोचतच नाही. तेवढ्यात चीटग्रास येतं. हे युरोप-आशियातलं वर्षायू गवत १९व्या शतकाच्या शेवटी इथे आलं. शरदात उगवतं, हिवाळ्यातलं पाणी सगळ्यांच्या आधी पितं आणि जूनमध्ये वाळून खडखडीत होतं. आपल्याकडच्या कुसळीसारखी त्याची कुसळं मोज्यात घुसतात, कुत्र्यांच्या कानात जातात. मूळच्या सेजब्रशच्या माळावर, विशेषतः खालच्या कोरड्या पट्ट्यात, दोन वणव्यांत ५० ते १०० वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जायचा. चीटग्रासने व्यापलेल्या जागी तो काळ काही ठिकाणी ५ वर्षांवर आला आहे. पाच वर्षांत सेजब्रश कुठला मोठा व्हायला?

२०१५ च्या ऑगस्टमध्ये सोडा फायर लागली, वीज पडून. ओवायही आणि शेजारच्या ओरेगनमधली मिळून सुमारे २ लाख ८० हजार एकर जमीन जळाली. मी त्या जागेवर रोपं लावली आहेत. अशा ठिकाणी उभं राहिलं की कळतं, लागवड म्हणजे काय काम आहे. आमची काही रोपं ओरेगनच्या ऑन्टारिओ गावातल्या तुरुंगातून येतात. स्नेक रिव्हर करेक्शनल इन्स्टिट्यूशन नाव. २०१४ पासून तिथले कैदी सेजब्रशची रोपं वाढवतात, नळकांडीत बी टाकण्यापासून ते गाडीत भरण्यापर्यंत. त्या रोपांची मुळं बघून मला नेहमी वाटतं की कुणीतरी फार मन लावून हे केलंय.

तुमचा दुसरा प्रश्न: शंभर-दोनशे झुडपांनी काय होणार? अख्खी जमीन भरायची हे त्या लागवडीचं कामच नाही. मधोमध छोटी छोटी बेटं करायची असतात. जगलेलं झुडूप तीन-चार वर्षांत बी धरू लागतं, मग वारा आणि बर्फ त्याचं काम पुढे नेतात. बरीच रोपं मरतात, कोरडं वर्ष आलं तर बहुतेक. तरी लावायची. दुसरा रस्ता नाही.

पण माझं स्पष्ट मत सांगू का? जे जळलं त्यापेक्षा जे अजून जळलेलं नाही त्याच्यावर आधी लक्ष द्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार गेल्या दोन दशकांत सुस्थितीतला सेजब्रश दरवर्षी सुमारे १३ लाख एकर घटत गेला. लागवडीने हा वेग गाठता येत नाही. शाबूत माळ राखणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं काम. आणि शहराजवळ ते तुमच्या-माझ्या हातात आहे. २०१६ मध्ये बॉयसीजवळच्या टेबल रॉक टेकडीची आग फटाक्यांनी लागली, जवळपास अडीच हजार एकर आणि एक घर गेलं. तुमच्या गटाची दिवाळी पार्कात होते का अंगणात? फटाके असतील तर टेकडीच्या पायथ्याशी अजिबात नको. इथे ऑक्टोबरातलं गवतही वाळलेलंच असतं. उन्हाळ्यात गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, सायलेन्सर तापलेला असतो. ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत ठिणग्या उडवत जाते, ती बांधून घ्या. गटातल्या प्रत्येक घराने एवढं पाळलं, तर ते पाइनच्या हजार रोपांहून मोठं काम.

सेज ग्राउझचं नंतर लिहितो, कामावर निघायचंय.

नान्नजचा_माळ

माणदेशी दादांचं वाचून राहवलं नाही. मी सोलापूरचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. माळढोकही मोकळ्या माळाचा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, आणि नर पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो. आमच्या माळांना सरकारी कागदात "पडीक" लिहिलं गेलं, आणि पडीक दिसलं की झाडं लावायची, हा नियमच झाला. अभयारण्याच्या माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली. ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही, तो तारांवर आपटून मरतो. आज नान्नजला माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते. काळवीट, लांडगा आणि खोकड अजून आहेत, त्यांच्यासाठी तरी माळ माळच राहू दे, असं आम्ही इथे ओरडून सांगतो.

ताई, तुमच्या गटाला माझ्याकडून हात जोडून सांगा, मोकळ्या जागेची दया येऊ देऊ नका.

दादा, एक विचारायचं होतं. तिथे गुरं चरतात का? आमच्याकडे चराईबंदी केली तर धनगरांशी वाकडं येतं, नाही केली तर गवत उरत नाही.

रेनोतली_सई

मी नेवाडात, रेनोला. लावण्यापेक्षा काढण्याचं एक काम सांगते, मला ते फार आवडलंय: तारेची कुंपणं काढणं.

प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी इथला सगळ्यात वेगवान, चित्त्यानंतर जगात त्याचाच नंबर लागतो असं म्हणतात. पण त्याला कुंपणावरून उडी मारायची सवय नाही. तो तारेखालून सरपटतो. खालची तार काटेरी आणि जमिनीलगत असली की पाठ सोलून निघते, केस त्या तारेला लटकलेले दिसतात. बर्फात कळपच्या कळप अडून राहतात. ओरेगनमधलं हार्ट माउंटन अभयारण्य १९३६ साली खास प्राँगहॉर्नसाठी झालं. तिथून गुरं १९९० च्या दशकात हलवली, पण जुनी कुंपणं उभीच होती. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून त्या तारा उपटल्या. तारेला सोडवायचं, हाताने गुंडाळी करायची, लोखंडी खांब उपसायचे, खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत चालायचं. जाड चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. बारा वर्षांच्या मुलाला काटेरी तारेपाशी नेऊ नका, त्याला काढलेले खिळे गोळा करायला लावा.

जिथे कुंपण ठेवावंच लागतं तिथे खालची तार गुळगुळीत आणि जमिनीपासून १६ इंच किंवा जास्त उंच ठेवतात. सेज ग्राउझ पहाटेच्या अंधारात जमिनीलगत उडत येतो आणि तारेवर आपटतो, म्हणून नाचण्याच्या जागेजवळच्या तारांवर पांढऱ्या प्लास्टिकचे छोटे तुकडे अडकवतात. ते मुलांकडून करवून घेता येतं. माझ्या मुलीने अडकवले होते, त्या कुंपणावरून कुठे जायचं असलं की ती अजून खिडकीतून बघत असते.

माणदेशी_ओवायही

सईताई, धनुर्वाताचं बरं आठवण केलंत.

नान्नजकर, गुरांचा प्रश्न सोपा नाही. १९व्या शतकाच्या शेवटी इथे गुरं-मेंढरं बेसुमार चरली, झुपकेदार गवतं संपली, आणि ती मोकळी जागाच चीटग्रासला मिळाली. १९३४ साली टेलर ग्रेझिंग कायदा आला आणि सरकारी जमिनीवर परवाने सुरू झाले. आज माळाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे, आणि त्यावर परवान्याने चराई चालते. माझ्या मते वसंतात, गवत वाढीला लागलेलं असताना, त्याच कुरणात वर्षानुवर्षं गुरं घालणं हे सगळ्यात वाईट. हार्ट माउंटनला गुरं गेल्यावर ओढ्याकाठचे विलो आणि ॲस्पन परत आले, ते मी बघितलंय.

पण रँचवाल्याला शत्रू धरून काम होत नाही, हेही मी इथे शिकलो. सेज ग्राउझच्या पिल्लांना पहिले काही आठवडे किडे आणि कोवळी रानफुलं लागतात. उन्हाळ्यात ती मिळतात ओलसर कुरणात आणि ओढ्याकाठी. अशी ओली जागा ओरेगन, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या माळात अवघी २ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि तिचा ८० टक्क्यांहून जास्त भाग खासगी मालकीचा आहे. कारण पहिल्या वसाहतवाल्यांनी पाणी बघूनच जमीन धरली. रँच विकली गेली आणि तिथे बंगले झाले, तर पिल्लं जाणार कुठे? म्हणून त्यांच्याच शेतात दगडाचे छोटे बंधारे घालून वाहून गेलेले ओढे पुन्हा थोपवण्याचं काम चालतं. आपल्याकडच्या नालाबांधाची ज्याला सवय आहे त्याला हे काम लगेच जमतं. धनगरांच्या बाबतीतही मला वाटतं, कुठल्या महिन्यात कुठे चरायचं याचा करार त्यांच्याबरोबर बसून केल्याशिवाय माळ राहणार नाही.

ऋतुगंधा_बॉयसी

सगळ्यांचे मनापासून आभार. हा सगळा धागा मी गटात वाचून दाखवला. पाइनचा बेत रद्द! फटाक्यांवर वाद झाला, पण या वर्षी टेकडीजवळच्या घरांत फक्त पणत्या आणि कंदील, असं ठरलं.

एक नवीन कल्पना आली आहे. गावाकडे शाळा जूनमध्ये सीडबॉल करतात, तसे मुलांकडून सेजब्रशचे सीडबॉल करून घेऊन फेकले तर? ऑनलाइन बी मिळतंय. आणि दादा, सेज ग्राउझचं राहिलं.

माणदेशी_ओवायही

सीडबॉल नको, ताई. सेजब्रशच्या बियाला उजेड लागतो, ते मातीच्या अगदी वर पडलं तरच उगवतं. चिखलाच्या गोळ्यात ते गुदमरतं. आम्ही ते हिवाळ्यात टाकतो, कधी थेट बर्फावर. बर्फ वितळलं की ते मातीला चिकटून बसतं. ऑनलाइन बी तर मुळीच घेऊ नका. सेजब्रशच्या पोटजाती आहेत, वायोमिंग, बेसिन आणि माउंटन, आणि प्रत्येकीची उंची, माती आणि पाऊस वेगळा. चुकीच्या जागचं बी उगवतं आणि पहिल्या कडक हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात मरतं. मुलांना एक प्रयोग दाखवा: पान चुरडून पाण्यात टाकायचं आणि अंधारात अतिनील दिवा धरायचा. माउंटन जातीचं असेल तर पाणी निळं चमकतं, वायोमिंगचं फारसं चमकत नाही. आम्ही बियांची पोती तपासायलाही असाच दिवा धरतो.

बी गोळा करायचं तर खात्याच्या कार्यक्रमात नाव द्या. सेजब्रशचं बी नोव्हेंबर-डिसेंबरात पिकतं. टेनिसच्या रॅकेटने फांद्या झोडपायच्या आणि खाली टोपली धरायची, मुलं खूश होतात. लावायचे दिवस शरदात आणि वसंताच्या सुरुवातीला असतात. घरातून निघताना आणि परतताना बुटांचे तळ आणि मोजे झाडा, चीटग्रासचं बी माणसांबरोबरच नवीन जागी जातं.

आता पक्षी. सेज ग्राउझ टेकड्यांवर शहराजवळ मिळणार नाही, माळावर आत जावं लागतं. नर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून पाण्यात बुडबुडा फुटावा तसा आवाज काढतात आणि शेपटीची अणकुचीदार पिसं पंख्यासारखी उभी करतात. त्या जागेला लेक म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा. वन्यजीव खात्याला फोन करून, लोकांना जायची परवानगी असलेली लेक विचारा. उजाडायच्या तासभर आधी पोचायचं, दिवे बंद, गाडीतच बसायचं, दार उघडायचं नाही, आणि पक्षी स्वतःहून उडून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. मुलांना बाथरूमला आधीच नेऊन आणा. कुत्रं घरी ठेवा. आणि जागेचा पत्ता फोटोबरोबर इंटरनेटवर टाकू नका. १९६५ पासून हा पक्षी ८० टक्के घटलाय. २०१५ साली त्याला संकटग्रस्त यादीत घालायचं नाही असा केंद्र सरकारने निर्णय केला, तो राज्यं, रँचवाले आणि बीएलएमने माळ राखायचं कबूल केलं त्या भरवशावर. म्हणून तो भरवसा खरा ठरवणं आता आपल्या सगळ्यांकडे आहे.

त्याआधी मुलांना क्यूना गावाच्या दक्षिणेला स्नेक नदीच्या दरीत न्या, तुम्हाला जवळ आहे. मॉर्ली नेल्सन शिकारी पक्ष्यांचं संरक्षित क्षेत्र, १९९३ साली झालं. ७०० ते ८०० जोड्या शिकारी पक्षी तिथे दरवर्षी घरटी करतात. कडे दरीत आहेत, पण त्यांचं ताट वरच्या माळावर आहे: प्रेअरी फाल्कन या ससाण्याला बिळात राहणाऱ्या पायूट खारी आणि सोनेरी गरुडाला जॅकरॅबिट ससे. १९८० च्या दशकातल्या वणव्यांनी तिथला निम्म्याहून जास्त झुडपांचा माळ गेला, आणि जॅकरॅबिट झुडपाशिवाय राहत नाही. मार्चअखेर ते मे हा चांगला काळ. जूनपर्यंत खारी जमिनीखाली जातात आणि पक्षीही पांगतात. डेडिकेशन पॉइंटवर कठड्याच्या आत उभं राहून दरीत बघा.

लागवडीच्या दिवसासाठी कुदळी खातं देतं. तुम्ही हातमोजे, प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणि गुडघ्याखाली टेकायला जुन्या गोणपाटाचा तुकडा न्या, जमीन खडेरी आहे. ८ वर्षांच्या मुलाला चालेल का ते नाव नोंदवताना विचारा. तारीख कळली की इथे टाका, मी ऑन्टारिओवरून तासाभरात पोचेन.